औषधांचे बॉक्स नंतर, आधी गावची यादी

पूर आला की आमच्या बेळगावकडच्या सीमाभागात दोन गोष्टी हमखास पोचतात, एक बिस्किटाचे पुडे आणि दुसरं मोफत आरोग्य शिबिर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये निपाणी, चिकोडी, कागवाड, अथणी, रायबाग, तिकडं गोकाक, सगळीकडं हेच बघितलं आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. शाळेच्या व्हरांड्यात दोन टेबलं, मागं बॅनर, बॅनरवर साहेबांचा फोटो एवढा मोठा की डॉक्टर त्यापुढं दिसतच नाही, आणि समोर रांग. रांगेतल्या प्रत्येकाला कागदाच्या पुडीतनं तीन दिवसाच्या गोळ्या, ज्याला जास्त दुखतंय म्हणे त्याला एक इंजेक्शन, आणि चार वाजले की गाडी परत. चौथ्या दिवशी त्या माणसानं काय करायचं, हे कुणी विचारत नाही आणि कुठं लिहिलेलं पण नसतंय.

माझं म्हणणं असं आहे की अशा शिबिरात पेशंटपेक्षा शिबिर घेणाऱ्याचं समाधान जास्त होतंय. खरंच मदत करणारं वैद्यकीय पथक पाहिजे असेल तर ते मे महिन्यात, जमीन कोरडी असताना उभं करायला लागतंय, आणि त्याची सुरुवात गावातल्या पेशंटांची यादी करण्यापासनं होते. डॉक्टर आणि औषधं त्याच्यानंतर. ऐकायला हे फार सरकारी वाटतंय, माहीत आहे. यादी म्हटलं की लोकांना रेशनकार्ड आठवतंय. पण थोडं थांबून बघा की पुरात नेमकं आजारी कोण पडतंय.

लोकांच्या डोक्यात पूर म्हणजे साथ असं पक्कं बसलंय, पाणी आलं की लगेच कॉलरा, मढी वाहून आली की रोगराई. जागतिक आरोग्य संघटना कितीतरी वर्षं सांगतेय की बुडून मेलेल्या माणसांच्या मृतदेहांमुळं साथ पसरते ही समजूत चुकीची आहे. पुरात माणूस मरतो तो मुख्यतः बुडून. आणि जो वाचून पूरग्रस्तांच्या काळजी केंद्रात, म्हणजे आपल्या जुन्या भाषेत गंजी केंद्रात, येऊन बसतो त्याला पहिल्या आठवड्यात धोका असतो तो त्याच्या जुन्याच आजाराचा. बीपीची गोळी कपाटात राहिली आणि कपाट पाण्याखाली. इन्सुलिन फ्रिजमध्ये होतं आणि लाईट जाऊन चार दिवस झाले. फिटची गोळी बंद पडली की फिट येणारच, त्याला पूर बिर काही कळत नाही. टीबीचा कोर्स मध्येच तुटला तर पुढं औषधच लागू न पडण्याची भीती. डायलिसिसवाल्याचं तर बोलायलाच नको, त्याच्याकडं आठवडाभर थांबायची सोयच नसते.

आता ह्यात आमच्या भागाची अडचण वेगळी आहे, ती बेंगळुरूत बसून दिसत नाही आणि मुंबईत बसूनही दिसत नाही. कागवाड, उगार, अथणीकडचा माणूस दुखणं मोठं झालं की मिरज गाठतो, मिरजेला मिशन हॉस्पिटल झाल्यापासनं, म्हणजे शंभर वर्षापेक्षा जास्त काळ ही वहिवाट आहे. निपाणी, कारदगा, भोजचा माणूस कोल्हापूरला जातो, नाहीतर बेळगावला. आणि पूर आला की पहिल्यांदा बंद होतात ते हेच रस्ते. कृष्णा वाढली की कुडची-उगार पूल पाण्याखाली, कल्लोळ-येडूर बंधारा तर त्याच्या आधीच गेलेला असतो, दूधगंगा-वेदगंगेवरचे कारदगा-भोज, जत्राट-भिवशी, सिदनाळ-अक्कोळ हे सगळे दर पावसाळ्यात पेपरात नाव येणारे. २०१९ ला आणि २०२१ ला तर यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवरच आलं आणि पुणे-बेंगळुरू रस्ता बंद. म्हणजे माणूस एका काठावर आणि त्याची फाईल, त्याचा डॉक्टर, त्याच्या गोळीचं नाव दुसऱ्या काठावर. शिबिरातला नवा डॉक्टर विचारतो, "मावशी, कुठली गोळी चालू आहे?" मावशी म्हणते, "पांढरी बारकी, सकाळची एक." आता पांढरी बारकी म्हणजे जगातली निम्मी औषधं की हो. मग तो डॉक्टर अंदाजानं बीपीची अ‍ॅम्लोडिपिन लिहितो, तीही तीन दिवसाची. त्याचा दोष नाही, त्याच्याकडं दुसरं काय आहे?

म्हणून यादी. गावागावात नदीकाठच्या गल्ल्यांतली माणसं, कुणाला काय आजार, गोळीचं कंपनीचं नाव नको तर आतल्या औषधाचं नाव आणि किती मिलिग्रॅम, कुठल्या दवाखान्यात दाखवतात, डायलिसिस कुठल्या वारी, बाळंतपणाची तारीख जुलै ते सप्टेंबरमध्ये कुणाची येते, अंथरुणाला खिळलेलं कोण आहे आणि त्याला उचलायला घरात माणूस आहे का. शेवटचा प्रश्न कुठल्याच सरकारी फॉर्मवर नसतो आणि बोट दारात आल्यावर तोच सगळ्यात महत्त्वाचा ठरतो. ही माहिती नव्यानं शोधायची गरज नाही, बहुतेक सगळी गावच्या आशा अक्काच्या, म्हणजे आरोग्यखात्याच्या आशा कार्यकर्तीच्या, डोक्यात आणि वहीत आहे. गरोदर बाईचं तायी कार्ड तिच्याकडनंच जातंय, टीबीच्या गोळ्या कोण घेतंय ते तिला माहीत, तीस वर्षावरच्यांचं बीपी-शुगर तपासायला घरोघरी तीच फिरते. तिच्यासोबत दोन संध्याकाळी कॉलेजची चार पोरं बसवली की नदीकाठच्या एका गावाचं काम होण्यासारखं आहे.

इथं एक आक्षेप येतो आणि तो बरोबर आहे. आजाराची यादी म्हणजे गावात चघळायला विषय. कुणाला टीबी, कुणाला एचआयव्ही, कुणाला डोक्याचं औषध चालू, हे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेलं तर पुरापेक्षा वाईट. म्हणून यादी ग्रुपवर टाकायची नाही, पीडीएफ फिरवायची नाही, एक प्रत आशा अक्काकडं, एक पीएचसीच्या, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या, डॉक्टरकडं सील करून, बास. आणि ज्याला नाव द्यायचं नाही त्याचं नाव घ्यायचं नाही, त्याच्या हातात एक प्लॅस्टिकमध्ये बंद केलेली चिठ्ठी द्यायची, पाणी आलं की आधार कार्डासोबत ही पिशवीत टाका म्हणून. चिठ्ठीवर औषधाचं नाव इंग्रजीत, बाकीचं मराठी-कन्नड दोन्हीत. तायी कार्ड कन्नडात असतंय, कोल्हापूरच्या नर्सला ते वाचता येत नाही आणि कोल्हापूरची केसपेपरवरची मराठी गोकाकच्या नर्सला वाचता येत नाही, बाळंतीण बाई मात्र पाणी येईल तिकडं जाणार, तिला काय राज्य बघून जाता येतंय?

पुराचं पाणी आपल्याकडं न सांगता येत नाही ही आणखी एक गोष्ट आपण विसरतो. भूकंपात एक मिनिट पण मिळत नाही, किल्लारीला १९९३ ला लोक झोपेत होते. आपल्याकडं कोयना, वारणा, राधानगरीचं पाणी कृष्णेतनं येणार, काळम्मावाडीचं दूधगंगेतनं, पाटगावचं वेदगंगेतनं, हिडकलचा विसर्ग वाढला की गोकाकला कळतंय. धरणातनं पाणी सोडलं की ते आपल्या दारात यायला तास लागतात. तेवढ्या तासात यादी असेल तर डायलिसिसवाले आणि दिवस भरलेल्या बायका पूल चालू असतानाच पलीकडं नेता येतात. यादी नसेल तर तेच तास आपण कल्लोळच्या बंधाऱ्यावर पाणी किती आलं त्याचे व्हिडिओ काढण्यात घालवतो.

आता औषधांच्या बॉक्सबद्दल. मदत म्हणून औषध पाठवणं ह्यात वाईट काय, असं कुणीही विचारेल. बोस्नियात युद्धाच्या काळात, १९९२ ते ९६ मध्ये, जगभरातनं औषधं आली, नंतर हिशोब केला तेव्हा सुमारे १७ हजार टन निरुपयोगी निघाली, मुदत संपलेली, नको असलेली, कुणाला वाचता न येणारी, आणि ती नष्ट करायचा खर्च पुन्हा त्याच देशाच्या डोक्यावर. तेव्हापासनं नियम असा की आधी विचारून पाठवा, मुदत निदान वर्षभर शिल्लक पाहिजे, लेबल तिथल्या माणसाला वाचता आलं पाहिजे. आपल्याकडं काय येतंय? औषध कंपन्यांच्या एमआरनी दिलेली सॅम्पलं, अर्ध्या स्ट्रिपा, लहान पोरांची सिरपं मोठ्यांच्या केंद्रात, आणि अँटिबायोटिकचा ढीग. ते निवडत बसायला एक फार्मासिस्ट दोन दिवस लागतो, ज्याचा उपयोग दुसरीकडं झाला असता. त्यापेक्षा तालुक्याच्या गावच्या दोन-तीन मेडिकलवाल्यांशी मे महिन्यात बोलून ठेवा, ह्या दहा-पंधरा औषधांचा साठा जास्तीचा ठेवा, लागला तर आम्ही घेतो नाहीतर तुमच्या दुकानात खपेल. पैसे पाठवा, गोळ्या नको, हे मुंबई-पुण्याच्या मित्रांना सांगताना वाईट वाटतंय पण सांगायला पाहिजे.

काळजी केंद्रातल्या एका आजाराबद्दल कुणीच बोलत नाही म्हणून इथं बोलतो, दारू. रोज पिणारा माणूस पाण्यामुळं अचानक शाळेत येऊन बसतो, दुकान बंद, खिसा रिकामा. दुसऱ्या दिवसापर्यंत हात थरथरतात, फिट येऊ शकते, तिसऱ्या-चौथ्या दिवशी भिंतीवर नसलेले साप दिसायला लागतात, आणि लोक म्हणतात पुराचा धसका घेतला, नाहीतर बाहेरचं काहीतरी लागलं. हे जीवावर बेतणारं दुखणं आहे आणि औषधानं आवरता येतंय. पण त्याला बघायला कुणी रात्री तिथं असायला पाहिजे, चार वाजता गेलेल्या गाडीला ते दिसणार नाही.

आणि संडास. मानवतावादी मदतीचे जे जगभर मानलेले निकष आहेत त्यात सुरुवातीला पन्नास माणसामागं एक आणि जमेल तितक्या लवकर वीस माणसामागं एक संडास, आणि माणशी रोज निदान १५ लिटर पाणी सांगितलंय. आपल्या हायस्कुलात शेकडो माणसं आणि चार संडास, त्यातला एक स्टाफचा म्हणून कुलूप. बायका मग दिवसभर पाणीच पीत नाहीत, अंधार पडायची वाट बघतात, लघवीची जळजळ घेऊन रांगेत उभ्या राहतात आणि पुरुष डॉक्टरसमोर सांगत नाहीत. ते कुलूप काढायला लावणं हे पण वैद्यकीय पथकाचंच काम आहे, मी तर म्हणेन तपासणीच्या टेबलाच्या आधीचं काम.

पण पथकाची खरी परीक्षा पाणी उतरल्यावर. तेव्हा बॅनर गेलेले असतात, मंत्र्यांचा पाहणी दौरा झालेला असतो, आणि माणसं घरी जाऊन गुडघाभर गाळ काढायला लागतात. लेप्टोचा ताप साधारण पाच ते चौदा दिवसांनी येतो, उंदरांच्या आणि जनावरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यात पायाच्या भेगेतनं शिरलेला. आमच्याकडं पायाला चिखल्या नाहीत असा माणूस त्या दिवसात सापडत नाही, आणि गोठ्यात उभं राहून धार काढल्याशिवाय घर चालत नाही. मुंबईत २६ जुलै २००५ नंतर ऑगस्टमध्ये लेप्टोनं माणसं गेली, केरळनं २०१८ च्या पुरानंतर गाळ काढायला जाणाऱ्यांना डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक आठवड्याला २०० मिलिग्रॅम घ्या म्हणून घरोघर सांगितलं. गरोदर बायका आणि आठ वर्षाखालची पोरं सोडून, आणि डॉक्टरला विचारूनच, पण सांगितलं. आपल्याकडं तापाच्या माणसाला पहिलं काय मिळतंय, डायक्लोफेनॅक ह्या वेदनाशामकाचं इंजेक्शन, कारण पेशंटला पण तेच पाहिजे असतं, "एक सुई मारा की सर, गोळीनं काय होत नाही." लेप्टो किडनीवर जातो आणि हे इंजेक्शन पण किडनीवर भार टाकतं. एका सुईत माणूस खूश होतो आणि पुढचं कुणी बघत नाही.

तसंच सापाचं. पाणी उतरताना साप घरात, पेंढीत, गंजीत, ऊसाच्या पाल्यात येऊन बसतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ह्या चारांवर विष उतरवणारी एकच लस (अँटिव्हेनम) चालते, पण सुरुवातीलाच आठ-दहा बाटल्या लागू शकतात आणि तेवढा साठा कुठल्या पीएचसीत आहे, कुठला पूल उघडा आहे, हे त्या रात्री ठाऊक असणारा माणूस पाहिजे. काचेच्या कोरड्या नळीत दोन मिली रक्त वीस मिनिटं न हलवता ठेवून गोठतंय का बघणं, एवढी साधी तपासणी करता येणारी नर्स पाहिजे. विहिरीचं पाणी पण ह्याच आठवड्यातलं. हजार लिटरला अडीच ग्रॅम ब्लिचिंग पावडर हा नेहमीचा हिशोब, पण गढूळ पाण्याला जास्त लागतं आणि उघड्या पोत्यातली पावडर जुनी होऊन मेलेली असते, म्हणून ओटी टेस्टमध्ये, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का बघायच्या तपासणीत, पाणी पिवळं होतंय का ते बघायलाच लागतंय. आपल्याकडं मात्र तीच पावडर रस्त्याच्या दोन्ही कडेला पांढरी रेघ ओढायला संपते. फोटोत छान दिसते, जंतूला काही फरक पडत नाही.

"एवढं सगळं ठरवत बसलो तर मदतच होणार नाही, माणूस धावतो तेव्हा विचार करून धावत नाही," असं बरेच जण म्हणतात आणि २०१९ ला बघितलेलं आठवलं तर त्यांना गप्प करणं सोपं नाही. गल्लीतल्या पोरांनी, तालमीच्या मंडळांनी, मशिदीनं, मठानं, देवस्थानानं जे केलं ते कुठल्या प्लॅनमध्ये नव्हतं. पण ते काम कुठलं होतं? माणसं काढणं, भाकरी देणं, कपडे देणं. ते काम शेजाऱ्याचंच आहे आणि ते उत्स्फूर्तच राहू दे. तरी तिथंसुद्धा तयारी नसली की काय होतंय ते ८ ऑगस्ट २०१९ ला कृष्णेवरच, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटली तेव्हा सगळ्यांनी बघितलं. औषध देणं हे तर त्याहून वेगळं काम, तिथं चांगल्या मनानं केलेली चूक पण रक्तात जाते. हैतीत २०१० च्या भूकंपानंतर जगभरातनं पथकं धावून आली, काहींकडं नीट शिक्षण नव्हतं, काहींकडं स्वतःचं पाणी-जेवण पण नव्हतं, म्हणजे जखमींच्या तोंडचं पाणी हेच पिणार. त्यानंतर २०१३ ला जागतिक आरोग्य संघटनेनं पथकांचे प्रकार आणि किमान अटी ठरवल्या. त्यातली एक अट मला सगळ्यात आवडते, पथकानं आपलं खाणं, पिणं, झोपणं आणि संडास आपलं आपण बघायचं. पूरग्रस्तांच्या पंगतीत बसणारं पथक नकोच.

दुसरा आक्षेप, हे सगळं सरकारचं काम आहे. आहेच. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं जिल्ह्याचं प्राधिकरण आहे, डीसी, म्हणजे जिल्हाधिकारी, त्याचे अध्यक्ष आहेत. म्हणून तर पथकानं स्वतंत्र दुकान मांडू नये, पीएचसीच्या हाताखाली काम करावं, पेशंटची नोंद त्यांच्या रजिस्टरात जावी, रोज संध्याकाळी कुठल्या गावात किती ताप, किती जुलाब हे तालुका आरोग्य अधिकाऱ्याला कळवावं. एकाच गावात पाच शिबिरं आणि शेजारच्या गावात एकही नाही, ही गोष्ट त्याशिवाय थांबत नाही. अडचण एवढीच की सरकारी दवाखान्यातला डॉक्टर पण कधीकधी त्याच पुरात अडकलेला असतो.

आणि मग आमचा कायमचा विषय, सीमा. मिरज-कोल्हापूरचा डॉक्टर मनानं यायला तयार असतो पण त्याची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची, इथला खासगी दवाखान्यांचा कायदा कर्नाटकचा, काही कमीजास्त झालं तर कोण उत्तर देणार? पुराच्या रात्री त्याची परवानगी मागायला गेलं तर कुणीही अधिकारी हात झटकणारच. तेच मे महिन्यात डॉक्टरांची नावं, नोंदणी नंबर, सर्टिफिकेटच्या झेरॉक्स जोडून डीसी ऑफिसात आणि डीएचओकडं, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडं, पत्र दिलं, कन्नडमध्ये दिलं, तर निदान लेखी उत्तर मागता येतं. कन्नडमध्ये पत्र का द्यायचं म्हणून आपल्यातलेच काही जण नाक मुरडतील. भाषेचा आपला लढा आहे तो मी सोडा म्हणत नाही, पण पेशंटला ताप असताना अर्जाची भाषा हा त्या लढ्याचा मुहूर्त नव्हे. आणि पथकात दोन्ही भाषा येणारा एकजण प्रत्येक टेबलावर असलाच पाहिजे, गोकाकच्या आजीला पोटात नेमकं कसं होतंय ते आमच्या मराठी डॉक्टरला खुणांनी कळणार नाही. आलमट्टी धरणाचं पाणी किती सोडायचं ह्यावर दोन्ही राज्यांचे पाटबंधारेवाले दर पावसाळ्यात फोनवर असतात. मग पूल बंद झाल्यावर कागवाडचा डायलिसिस पेशंट कुठं न्यायचा आणि बेळगावच्या पेशंटचा कागद कोल्हापुरात चालणार का, ह्यावर आरोग्यखात्यांनी पण बोलायला काय हरकत आहे? मागणी करायचीच असेल तर ही करा, निवेदनं द्यायची आपल्याला सवय आहेच.

खानापूरवाल्यांना हे सगळं वाचून वाटेल की आमचं काय. जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात पूर म्हणजे काळजी केंद्र नसतंच, नाल्यावरचा साकव गेला की गाव तुटलं, आणि आजारी माणसाला जंगलातनं खांद्यावर घालून आणायचं. तिथं शिबिर जाऊच शकत नाही. तिथं यादीचा उपयोग आणखी जास्त, कारण दिवस भरत आलेली बाई जूनच्या शेवटीच खाली पाहुण्यांकडं आणून ठेवायची आणि बीपी-शुगरवाल्याला दोन महिन्यांच्या गोळ्या आधीच द्यायच्या, एवढंच हातात असतं.

राहिला पैसा. पथकाला फार लागत नाही पण जो लागतो तो कुणी देत नाही, कारण त्याचा फोटो निघत नाही. गाडीचं पेट्रोल, गमबूट, प्लॅस्टिकच्या पिशव्या, झेरॉक्स, बर्फाचा डबा, रात्रपाळीच्या नर्सचं मानधन. आशा अक्काला यादीचे पैसे द्यायचेच, सेवा म्हणून फुकट राबवून घ्यायचं नाही, तिचं स्वतःचं घर पण बऱ्याचदा नदीकाठीच असतंय. ह्यासाठी साखर कारखान्यांकडं जा, सोसायट्यांकडं जा, गणेशोत्सव मंडळांकडं जा, आणि देणगी घेतानाच सांगा की बॅनर लागणार नाही. निम्मे तिथंच गळतील. उरतील त्यांच्या जोरावर नदीकाठच्या पाच गावांत यादी झाली तरी पहिल्या वर्षी पुष्कळ झालं, आणि पूर नाहीच आला तर पुढच्या मे महिन्यात तीच वही काढून कोण गेलं, कोण नवीन आलं, कुणाची गोळी बदलली एवढं फक्त दुरुस्त करायचं.